बाबांची डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर, पहिलं अपीलही फेटाळलं. पुढं जावं का सोडून द्यावं?

मोसंबीची_फोड | ४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. इथं बऱ्याच वर्षांपासून नुसती वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

आमचे बाबा तोफखान्यातून हवालदार म्हणून ३० जून २०२३ ला घरी आले. १९९९ ची भरती, चोवीस वर्षं नोकरी. गाव अंबड तालुक्यात. उजव्या कानानं जवळपास ऐकू येत नाही, डाव्याचंही काही खरं नाही. आमच्याकडं टीव्ही लावला की मागच्या गल्लीला बातम्या कळतात. इतकी वर्षं तोफांजवळ काढल्यावर कान जाणारच, पण डिस्चार्जच्या वेळी पेन्शनचा तो भाग नामंजूर झाला. मग तालुक्याला कागद लिहून देणारे एक जण आहेत, त्यांच्याकडून पहिलं अपील लिहून घेतलं, कानाबद्दल दोन पानं. त्याचं उत्तर या जुलैच्या शेवटी आलं, तेही नाहीच. पत्र इंग्रजीत आहे. त्यात 'आयडी-१', 'आयडी-२' असं काहीतरी आहे, एक ठिकाणी 'नाना' लिहिलंय, बाकी सगळे नियमांचे आकडे.

बाबा म्हणतात सोड. साधी पेन्शन चालू आहे, यंदा सोयाबीन पाण्यात गेलं तरी घर चालतंय, आता हात कशाला पसरायचा. आईचं बरोबर उलटं. मला दोन गोष्टी विचारायच्यात. पुढं जायचं तर कुठं? संभाजीनगरला खंडपीठ आहे, तिथं जमतं का? आणि मुळात जावं का?

दुधनाकाठ | ४ ऑक्टोबर, ९.५८

जावं. पुढचा प्रश्न?

सुभेदार_तात्या | ४ ऑक्टोबर, १०.३०

पोरी, बाबांना आधी एक सांग. पेन्शनीचे दोन भाग असतात. नोकरीच्या वर्षांचा भाग त्यांना मिळतोयच. दुसरा भाग शरीराच्या नुकसानीचा, त्याला डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणतात. तो नियमात लिहिलेला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. हात पसरणं तर अजिबात नाही.

टर्म संपवून घरी आलेल्या माणसाला तो मिळायला दोन अटी. आजार किंवा जखम सेवेमुळे झालेली, निदान सेवेमुळे वाढलेली असावी. आणि मेडिकल बोर्डानं टक्केवारी २० किंवा जास्त लावलेली असावी. 'नाना' म्हणजे पहिली अट नाकारली. सेवेमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही, याच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत ती. आमच्यात म्हणायचे, "बोर्डात गेलो आणि नाना आडवा आला."

नाकारलं की पहिलं अपील, मुदत सहा महिने. तेही नाकारलं की पुढच्या सहा महिन्यांत दुसरं अपील, ते वरच्या समितीकडं. त्याच्यापुढं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. तुमचं पत्र जुलैअखेरचं, म्हणजे जानेवारीअखेरपर्यंत वेळ आहे. झोपू नका, पण पळापळही नको.

येडशीचा_रामलिंग | ४ ऑक्टोबर, १०.४१

आमच्या घरीपण एक नाना आहेत. सासरे. त्यांनाही कुठल्याच गोष्टीचं कारण मान्य नसतं.

अर्धा_वकील | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

(नाव बघून घाबरू नका, सनद पूर्ण आहे. बायको अर्धाच मानते.)

खंडपीठाबद्दल. सैनिकांच्या पेन्शनचे वाद थेट हायकोर्टात जात नाहीत. त्यासाठी २००७ चा वेगळा कायदा आहे आणि ऑगस्ट २००९ पासून आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल चालू आहे. महाराष्ट्रासाठी मुंबईचं बेंच. ट्रिब्युनलच्या निकालावर हायकोर्टात रिट करता येते का, यावर बरीच वर्षं घोळ होता. सुप्रीम कोर्टानं मार्च २०२३ मध्ये सांगितलं की हायकोर्टाचा तो अधिकार शाबूत आहे. पण ती नंतरची पायरी. आधी मुंबईच.

कायद्याच्या कलम २१ प्रमाणे आतले उपाय वापरून झाल्याशिवाय ट्रिब्युनल सहसा अर्ज घेत नाही. मात्र अपील टाकलं आणि सहा महिने कोणी उत्तरच दिलं नाही, तर वाट बघत बसायची गरज नाही.

आता कान. २०१३ चा धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल या विषयात सगळ्यात कामाचा. मुद्दा साधा आहे. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी आजाराची नोंद केली नसेल, तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. पुढं जे झालं ते सेवेतलं धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि बोर्डानं कारणं लिहिली पाहिजेत, नुसता शिक्का मारून भागत नाही. तुमच्या केसला हा निकाल फिट बसतो.

दुधनाकाठ | ५ ऑक्टोबर, ७.३०

बघा, एका ओळीत मीपण हेच म्हणलो होतो.

हळद_हिंगोली | ५ ऑक्टोबर, ११.०५

मी थोडं कडू बोलतो. मी स्वतः फौजी नाही, भाऊ आहे. कान, पाय, गोळी लागली, तिथं पेन्शन द्यायलाच पाहिजे. पण आजकाल रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी बीपी आणि शुगरची मेडिकल कॅटेगरी (म्हणजे पूर्ण फिट नसल्याचा शेरा) लावून घ्यायची, मग ३० चे ५० टक्के करून आयुष्यभर खायचं, हेही चाललंय. शुगर तर आमच्या अख्ख्या गल्लीला आहे, आम्ही कुणाकडं मागायची?

बालाघाट_पायदळ | ५ ऑक्टोबर, १.२०

@हळद, तुमच्या गल्लीनं तेरा हजार फुटांवर तीन हिवाळे काढले असतील तर जरूर मागा.

गंमत सोडा. शुगर, बीपी सगळ्यांना होते, खरंय. प्रश्न एवढाच की या माणसाची कशानं झाली किंवा वाढली, आणि ते बोर्डानं तपासलं का. दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये शुगरच्याच एका प्रकरणात हेच धरलं की बोर्डानं कारण द्यायला पाहिजे, नुसतं 'पीस स्टेशनला (म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत जागी) झाला' म्हणून चालत नाही. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२५ मध्ये बिजेंदर सिंगच्या केसमध्ये सियाचीनला असताना फिट यायला लागलेल्या जवानाला ५० टक्क्यांनी तहहयात द्यायला लावली. तिथंही बोर्डाच्या कागदावर कारणच नव्हतं.

माझी स्वतःची सांगतो. गुडघा. पहिलं अपील नाही, दुसरं नाही, मग ट्रिब्युनल. धरून साडेचार वर्षं गेली. मधी एकदा वाटलं घ्यावा तो कागद आन मांजरा नदीत सोडावा. निकाल लागला, पेढे वाटले, आणि पुढं सात महिने एक रुपया आला नाही! मग अंमलबजावणीचा वेगळा अर्ज केला तेव्हा हललं. निकाल लागला म्हणजे पैसे आले, असं समजू नका ताई.

हळद_हिंगोली | ५ ऑक्टोबर, १.४४

३० चे ५० होतात हे तरी खोटं आहे का?

सुभेदार_तात्या | ५ ऑक्टोबर, २.१०

खोटं नाही, पण त्यामागं कारण आहे. एक बोर्ड ३० लावतं, दुसरं त्याच पायाला ४०. डॉक्टर बदलला की आकडा बदलतो. म्हणून १ जानेवारी १९९६ पासून सरकारनंच टप्पे केले. ५० च्या खाली असेल त्याला ५०, ५० ते ७५ वाल्याला ७५, त्याच्यावर १००. आधी हे फक्त मधेच मेडिकलवर घरी पाठवलेल्यांना द्यायचे. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतारच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की टर्म पूर्ण केलेल्यालाही द्या.

पैशाचं म्हणाल तर १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे ५० ला १५. समजा मूळ पगार ५०,००० होता तर महिन्याला साडेसात हजार आणि वर महागाई. आयुष्यभर 'खायला' फार मोठं ताट नाही ते, हळदभाऊ.

मांजराकाठचा_मास्तर | ५ ऑक्टोबर, रात्री ८.००

माझ्या साडूचा अनुभव. रिटायर होऊन आला, कोणी सांगितलं म्हणून जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं. ४५ टक्के. ते कार्ड लॅमिनेट करून थेट सैनिक कल्याण कार्यालयात, "आता माझी मिलिट्रीची चालू करा." तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि समजावलं की हे २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कार्ड, याचे फायदे वेगळे. लष्करी पेन्शनला तुम्हाला सोडताना बसलेल्या बोर्डाचीच टक्केवारी बघतात. साडू आठ दिवस कोणाशी बोलला नाही. कार्ड वाया गेलं नाही म्हणा, एसटीला उपयोगी पडायलंय.

केजकर_बुलेट | ६ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

सुट्टीवर असताना ॲक्सिडेंट झाला तर? आमच्या चुलत्याचा पाय सुट्टीत गेला. सगळे म्हणत होते फौजी चोवीस तास ड्यूटीवर असतो.

अर्धा_वकील | ६ ऑक्टोबर, ९.१०

ते भाषणात. कोर्टात जखमेचा आणि सेवेचा काहीतरी संबंध दाखवावा लागतो. सुट्टीत घरी असताना, घरच्या कामात अपघात झाला तर सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलंय, २०११ चा जुझार सिंगचा निकाल बघा. पण युनिटमधून घरी निघालेला किंवा घरून युनिटला परत निघालेला जवान वाटेत जखमी झाला तर तो प्रवास ड्यूटीत धरतात. १९९९ मध्ये मदनसिंग शेखावत यांच्या केसमध्ये तिकीट स्वतःच्या पैशाचं होतं, तरी धरलं. चुलते कुठून कुठं चालले होते?

केजकर_बुलेट | ६ ऑक्टोबर, ९.१४

अंबाजोगाईहून केजला. मेव्हण्याच्या हळदीला.

दुधनाकाठ | ६ ऑक्टोबर, ९.१५

नाना.

गोदाताई | ६ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

चेष्टा चालू आहे, चालू द्या, पण माझंही ऐकून घ्या. माझ्या धाकट्या भावाला नोकरीच्या सहाव्या वर्षी मानसिक आजार म्हणून घरी पाठवलं. भरतीला गेला तेव्हा गावातलं सगळ्यात शहाणं पोरगं. बोर्डानं लिहिलं, आजार अंगचाच. आम्ही ट्रिब्युनलपर्यंत गेलो, हरलो. आमच्या वकिलांनीपण धरमवीर सिंगचाच निकाल लावला होता. समोरच्यांनी २०१९ चा नरसिंग यादवचा निकाल दाखवला. त्यात कोर्ट म्हणतं की असे आजार भरतीच्या तपासणीत दिसतच नाहीत, तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरून सेवेमुळे झाला असं आपोआप धरता येत नाही.

या वर्षी मे महिन्यात त्याच आजाराच्या दुसऱ्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं जवानाच्या बाजूनं निकाल दिला, बोर्डानं कारणं दिली नव्हती म्हणून. मी तो भावाला वाचून दाखवला. त्याला समजलं का नाही माहीत नाही. तो शेरडं राखतो, आणि दर सतरा सप्टेंबरला शाळेत झेंड्याला सॅल्यूट करायला जातो. तेवढं चुकवत नाही.

ताई, एकच सांगते. इथं कोणी "फिट बसतो" म्हणलं म्हणून हुरळून जाऊ नका. कागद हातात आल्याशिवाय कशाला काय फिट बसतं ते कळत नसतं.

अर्धा_वकील | ६ ऑक्टोबर, ४.०५

गोदाताई, तो "फिट" शब्द माझाच. मागे घेतो. बोर्डाचे कागद न बघता बोललो. भावाच्या निकालाची प्रत असेल तर मला खाजगी निरोपात पाठवा. आशा लावत नाही, वाचून सांगतो.

@मोसंबीची_फोड, रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत आहे का तुमच्याकडं?

मोसंबीची_फोड | ६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

नाही. बाबा म्हणतात सही घेतली होती, काय लिहिलं ते वाचलं नाही. घरी जायची घाई होती.

सुभेदार_तात्या | ७ ऑक्टोबर, ५.४५

सगळ्यांचीच असते. ट्रंक बांधलेली असते, गाडीचं तिकीट खिशात असतं, आणि क्लार्क म्हणतो "यहाँ साइन". नोकरीतल्या सगळ्यात महाग सह्या त्याच.

माहिती अधिकारात अर्ज कर. रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लाव. आर्मी नंबर, डिस्चार्जची तारीख लिही आणि मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, त्याआधीचे कॅटेगरीचे सगळे बोर्ड आणि पोस्टिंगचा तपशील माग. 'संपूर्ण' शब्द विसरू नको. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोडला आहे, लांब नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

परळीचा_औष्णिक | ७ ऑक्टोबर, ११.००

अग्निवीरांचं काय हो यात? भाचा गेलाय मागच्या वर्षी.

बालाघाट_पायदळ | ७ ऑक्टोबर, ११.४०

त्यांना पेन्शनच नाही तर डिसॅबिलिटी एलिमेंट कुठलं. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी मिळतात, १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५, ५० ला १५. सेवेमुळेच आलं का हे ठरवणारं बोर्ड मात्र असतंच. भाच्याला आत्तापासून सांगा, एम आय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची, प्रत्येक चिठ्ठी जपून ठेव.

परळीचा_औष्णिक | ७ ऑक्टोबर, ११.५२

तो आईचा फोन जपून घेत नाही, चिठ्ठी काय ठेवणार.

लातूरची_ट्यूशन | ७ ऑक्टोबर, २.२५

वकिलांच्या फीचं कोणी बोलतच नाही! आमच्याकडं एक जण फिरायलाय, "एक पैसा देऊ नका, एरियर्स आले की ३० टक्के द्या."

अर्धा_वकील | ७ ऑक्टोबर, २.५०

तो वकील असेल तर बार कौन्सिलच्या नियमात निकालाच्या रकमेत वाटा ठरवणं बसत नाही. वकील नसेल तर प्रश्नच मिटला, दार लावून घ्या. पैशाची अडचण असेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जुलै २०२५ मध्ये नालसानं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं) खास सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना काढली आहे, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातच कायदेशीर मदत मिळावी असा तिचा हेतू. विचारून बघायला काय जातंय.

येडशीचा_रामलिंग | ७ ऑक्टोबर, ३.१०

सोयाबीनच्या अनुदानाचंपण विचारा तिथंच. तेही 'नाना'च झालंय आमचं.

मोसंबीची_फोड | ७ ऑक्टोबर, ९.००

अर्ज आज टाकला. पोस्टल ऑर्डर अंबडला संपली होती, जालन्याहून आणली. आले की लिहिते.

(धागा सहा आठवडे शांत)

मोसंबीची_फोड | २० नोव्हेंबर, रात्री ११.०५

कागद आले. ६२ पानं. डोकं फिरलंय.

मी 'आयडी-१' आणि 'आयडी-२' म्हणजे ओळखपत्राचे नंबर समजत होते. हसू नका. ते आजारांचे क्रमांक आहेत. आजार एक नाही, दोन आहेत!

आयडी-१ कान. त्याच्यापुढं लिहिलंय, सेवेमुळे झाला, हो. म्हणजे कानाचं त्यांनी मान्यच केलेलं आहे! पण टक्केवारी १५ ते १९.

आयडी-२ कंबर, मणक्याचं काहीतरी. २० टक्के. आणि नाना इथं आहे, कमरेवर. कारणाच्या रकान्यात एवढंच की वयानुसार झीज, पहिल्यांदा २०१४ मध्ये पीस स्टेशनला आढळलं. दोन्ही मिळून ३०.

आम्ही दोन वर्षं कानासाठी भांडतोय. अपीलची दोन्ही पानं कानाबद्दल आहेत. कमरेबद्दल बाबा घरी कधी बोललेच नाहीत. विचारलं तर म्हणतात, कंबर काय, सगळ्यांचीच दुखते.

अर्धा_वकील | २१ नोव्हेंबर, ६.३०

गोदाताई बरोबर होत्या, माझा निशाणा चुकीच्या आजारावर होता.

कानाला धरमवीर सिंगचा काहीच उपयोग नाही, कारण तिथं वादच नाही. अडचण टक्केवारीची आहे. २० च्या खाली असेल तर टर्म पूर्ण केलेल्याला हा भाग मिळत नाही, आणि त्याचे ५० पण होत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये विंग कमांडर एस. पी. राठोड यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट सांगितलंय. कोणी २०१४ च्या सुखविंदर सिंगचा निकाल दाखवील, त्यात २० च्या खालचं चालतं म्हणून. तो मधेच मेडिकलवर काढलेल्यांसाठी. तुमचे बाबा टर्म संपवून आले.

आता कंबर. १९९९ ला भरती झाले तेव्हा कमरेची नोंद आहे का? नसेल, नाहीतर तोफखान्यात घेतलंच नसतं. म्हणजे धरमवीर सिंग इथं लागतो. 'वयानुसार झीज' हे कारण झालं का? २०१४ ला बाबांचं वय काय होतं?

मोसंबीची_फोड | २१ नोव्हेंबर, ६.५५

चौतीस.

दुधनाकाठ | २१ नोव्हेंबर, ६.५६

चौतिसाव्या वर्षी वयानुसार झीज? आमचा बैलपण जास्त टिकतो.

हळद_हिंगोली | २१ नोव्हेंबर, ८.२०

ताई, वर मी जे बोललो ते तुमच्या बाबांना धरून नव्हतं. तोफेच्या गोळ्याचं वजन किती असतं हो?

सुभेदार_तात्या | २१ नोव्हेंबर, ८.४०

१३० मिलिमीटरचा ३३ किलोच्या वर. बोफोर्सचा त्याहून जड, चाळीसच्या पुढं. फायरिंगच्या दिवशी ते हातावर उचलायचे, एक-दोन नाही. आणि तोफ चिखलात रुतली की सगळे मिळून ढकलायचे, तेव्हा वजन कोण मोजतं.

पण समिती विचारणार की दुखणं शांत जागी २०१४ ला निघालं, मग फील्डमुळे कसं? पोस्टिंगचं पान बघ. २०१४ च्या आधी कुठं होते?

मोसंबीची_फोड | २१ नोव्हेंबर, रात्री ९.३०

२०११ ते २०१३ उंचावरच्या भागात, फील्ड. त्याआधी दोनदा फील्ड. खाली बाबा सांगतायत आणि मी टाइप करतेय. मोठ्यानं विचारावं लागतंय, शेजारचे जागे झालेत.

"नमस्कार. मी हिचा बाप. २०१२ च्या हिवाळ्यात रात्री तोफेची जागा बदलताना कमरेत कळ आली. खाली बसलो तर उठता येईना. एम आय रूमला गेलो, दोन दिवस अटेंड सी, म्हणजे आराम दिला, गोळ्या दिल्या. एक्स-रे पण काढला. डॉक्टरसाहेब म्हणले खाली हॉस्पिटलला पाठवतो. मीच नको म्हणलो. हॉस्पिटलला गेलं की कॅटेगरी लागते, कॅटेगरी लागली की प्रमोशन अडतं. तेव्हा मी नायक होतो, हवालदारीचा कोर्स समोर होता. पट्टा बांधून काढले ते दिवस. कोर्स पास झालो, खाली आलो, मग २०१४ ला असह्य झालं म्हणून दाखवलं. ते लिहिणारे म्हणले कधीपासून दुखतंय? मी म्हणलो आत्ताच. खरं सांगितलं असतं तर विचारलं असतं की आधी का नाही दाखवलं. एवढंच आहे."

बालाघाट_पायदळ | २१ नोव्हेंबर, ९.५०

हवालदारसाहेब, राम राम. माझ्या गुडघ्याचीपण हीच गोष्ट. नायकाचा हवालदार व्हायचं होतं म्हणून दोन वर्षं लपवला. ट्रिब्युनलमध्ये समोरच्या वकिलानं हेच विचारलं, आधी का नाही दाखवला?

अर्धा_वकील | २१ नोव्हेंबर, १०.२०

काका, हे जसंच्या तसं अपिलात लिहायचं. शोभिवंत करायचं नाही. सोबत काही कागद मिळाला तर सोनं. एम आय रूमची चिठ्ठी, तो एक्स-रे, त्या वेळचा कोणी जोडीदार असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र.

दुसरं अपील कमरेवर करायचं. पहिल्या अपिलात तुम्ही कंबर लिहिली नव्हती, पण उत्तराच्या पत्रात त्यांनी दोन्ही आयडींचा उल्लेख केलाय. म्हणजे विचार दोन्हींचा झाला, तेव्हा 'हा मुद्दा नवीन आहे' असं म्हणायला जागा कमी. मागणी अशी: कंबर सेवेमुळे वाढली असं धरावं, दोन्ही मिळून ३० धरावी आणि राम अवतारप्रमाणे ५० करावी. कानाची टक्केवारी पुन्हा तपासावी अशी विनंतीही जोडा, पण सगळा जोर तिच्यावर देऊ नका. आणि तुमचा डिस्चार्ज जून २०२३ चा. नवे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे, तेव्हा उत्तरात कोणी त्यांचा आधार घेतला तर हरकत घ्यायची.

थकबाकीचंही बघून ठेवा. उशीर झाला तर कोर्टं साधारण अर्जाच्या मागची तीनच वर्षं देतात, २००८ चा तरसेम सिंग. तुम्हाला जून २०२६ ला तीन वर्षं होतील. तोपर्यंत ट्रिब्युनलच्या दारात असाल तर काही बुडत नाही.

गोदाताई | २२ नोव्हेंबर, ७.००

काका, आमच्या भावाच्या वेळी आम्हीपण "आत्ताच झालं" म्हणून लिहून दिलं होतं. लग्नाची बोलणी चालू होती त्याची.

मोसंबीची_फोड | २३ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

आईनं काळी पेटी उघडली. खाली गणवेश, त्याच्याखाली पेपर, त्याच्याखाली एक्स-रे! कोपऱ्यात तारीख आहे, १४ डिसेंबर २०१२. बाबा म्हणाले, हा मी फेकून दिला होता. आई म्हणाली, मी उचलून ठेवला होता.

येडशीचा_रामलिंग | २३ नोव्हेंबर, १२.४४

सगळ्या ट्रिब्युनलांचं मुख्य बेंच घरातच असतं.

अर्धा_वकील | २३ नोव्हेंबर, १.०५

मूळ प्रत कोणाला देऊ नका. उजेडावर धरून फोटो काढा, तारीख आणि नाव वाचता आलं पाहिजे. रेडिऑलॉजिस्टकडून आत्ताचा एक एक्स-रे आणि तुलनेचा अहवाल घ्या.

मोसंबीची_फोड | ९ डिसेंबर, रात्री ८.२०

दुसरं अपील आज स्पीड पोस्टानं गेलं. अकरा पानं, त्यातलं दीड पान बाबांचं, जसं सांगितलं तसं. एक जोडीदार नांदेडकडचे निघाले, त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. फोनवर दोघंही एकमेकांना "काय? काय?" करत होते, त्यांचेही कान तसलेच.

मी विचारलं होतं जावं का. बाबा अजून म्हणतात की पैशासाठी नाही. पण पोस्टात पावती त्यांनी स्वतः मागून घेतली आणि पाकिटात ठेवली.

सुभेदार_तात्या | ९ डिसेंबर, ८.४५

पावतीची झेरॉक्स काढ. ती शाई सहा महिन्यांत उडते.

केजकर_बुलेट | ९ डिसेंबर, ९.१०

चुलते म्हणतायत त्या दिवशी हळदीहून परस्पर युनिटला जाणार होते. बॅग सोबत होती. आता?

अर्धा_वकील | ९ डिसेंबर, ९.१२

सुट्टी किती दिवसांची शिल्लक होती?

केजकर_बुलेट | ९ डिसेंबर, ९.२०

एकवीस.